पाहिलें तेंच लिहावें



वर्षाचे सहा ऋतु तुम्हांस तोंडपाठ आहेत. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद्, हेमंत आणि शिशिर हीं नांवें म्हणतांना तुमच्यापैकीं कोणी अडखळत नाहीं. परंतु शाळेच्या दारांतील कडुनिंबास यंदा पहिली तांबूस पालवी कोणत्या आठवड्यांत फुटली, असें आम्हीं विचारलें तर वर्गांत शांतता पसरते. हा दोष तुमचा नव्हे. आम्हीं शिक्षकांनीं तुम्हांस ऋतूंचीं नांवें शिकविलीं. ऋतु पाहावयास मात्र पुरेसें शिकविलें नाहीं. ती उणीव थोडी तरी भरून निघावी, म्हणून हा लहानसा पाठ लिहीत आहों.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें शहर अशा पाहणीस फार सोईचें आहे. फाल्गुनांत भोंवतालच्या डोंगरउतारांवर पळस फुलतो. चैत्राच्या सुमारास कडुनिंब जुनीं पानें टाकून नवी पालवी व बारीक पांढरीं फुलें धारण करतो. वैशाखांत बहाव्यास पिवळे घोंस लोंबूं लागतात. मृगाच्या सरी पडल्या कीं तांबडे मखमली किडे मातींतून वर येतात. पाऊस ओसरला म्हणजे दौलताबादेकडचीं सीताफळें बाजारांत दिसूं लागतात. आणि थंडी पडली म्हणजे पैठणच्या नाथसागरावर हिमालयापलीकडून आलेलीं बदकें उतरतात. या जलाशयास १९८६ सालीं पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. पण इतकें लांब जाण्याचीही गरज नाहीं. हिमायत बागेंतील झाडें आणि दिल्ली दरवाज्याजवळील सलीम अली सरोवर हीं शहरांतच आहेत. आणि ज्यास तेथवर जातां येत नाहीं, त्यास गल्लींतील एक चिंच पुरे आहे.

नोंदवही ठेवण्याची रीत सोपी आहे. रोज जाण्यायेण्याच्या वाटेवरील एकच झाड निवडावें. आठवड्यांतील एक वार ठरवून त्याच वारीं तें नीट पाहावें. वहींत तारीख घालून सहा रकाने आंखावे: कोवळीं पानें, जून पानें, कळ्या, फुलें, कच्चीं फळें व पिकलीं फळें. प्रत्येक रकान्यांत ‘नाहीं’, ‘थोडीं’ किंवा ‘पुष्कळ’ एवढेंच लिहावें. ज्यांस अजून नीट लिहितां येत नाहीं, त्यांनीं एक पान किंवा फूल काढून दाखवावें. पावसाळ्यांत सरळ बाजूंची एक बाटली उघड्यावर ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजावें. सरकारी हवामान खात्याची पर्जन्यमापनाची वेळही तीच आहे.

आतां या पाठांतील मुख्य गोष्ट सांगतों. आम्हीं एका लहान वर्गास असें काम दिलें होतें. महिन्याच्या अखेरीस वह्या पाहूं लागलों, तों बहुतेक वह्यांत एकाच सोमवारीं एकसारखींच वाक्यें आढळलीं. एकानें पाहिलें होतें व इतरांनीं त्याचें उतरून घेतलें होतें. कांहींनीं तर पुस्तकांत ‘गुलमोहर मे महिन्यांत फुलतो’ असें वाचून, झाडावर एकही फूल नसतां ‘पुष्कळ फुलें’ असें लिहिलें होतें. एका चिमुकल्या मुलीच्या वहींत मात्र त्या तारखेपुढें लिहिलें होतें: ‘पाहिलें नाहीं. ताप होता.’ वर्गांतील कांहीं मुलें हंसलीं. आम्हीं ती वही उंच धरून सांगितलें कीं, सर्व वह्यांत हीच नोंद आम्हांस अधिक मोलाची वाटते.

कां बरें? ‘फूल नाहीं’ आणि ‘पाहिलें नाहीं’ हीं दोन वाक्यें दिसावयास जवळचीं असलीं, तरी त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें वाक्य झाडाविषयीं साक्ष देतें, दुसरें पाहणाऱ्याविषयीं. ज्या वहींत हीं दोन वेगळीं ठेविलेलीं असतात, तिच्यावर परक्यासही विश्वास ठेवतां येतो. जींत तीं मिसळलीं, त्या वहीचीं शंभर पानें भरलीं तरी तीं खोट्या मापासारखीं निरुपयोगी होत.

खरी नोंद लहान मुलानें केली म्हणून लहान ठरत नाहीं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा जन्म मुंबईस १८९६ सालीं झाला. दहाएक वर्षांचे असतांना त्यांनीं घरच्या तबेल्यांतील चिमणीच्या घरट्यावर एक टिपण लिहून ठेविलें होतें. नर मारला गेला कीं मादी लवकरच दुसरा नर मिळवी, असें त्यांस पुनःपुन्हां दिसलें व त्यांनीं तसें लिहिलें. त्यांतील छऱ्याच्या बंदुकीचें अनुकरण तुम्हीं करूं नये. पण तें बालपणींचें टिपण त्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत आदरानें छापलें, हें ध्यानांत ठेवावें. याच सलीम अलींनीं १९३१-३२ मध्यें हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. आपलें शहर तेव्हां त्याच संस्थानांत होतें.

इंग्लंडांतील नॉरफोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाच्या गृहस्थानें १७३६ सालीं वसंताच्या खुणा नोंदण्यास आरंभ केला. कोणत्या झाडास पानें कधीं फुटलीं, कोणता पक्षी कधीं परत आला, एवढेंच तो लिही. त्याच्या वंशजांनीं ती वही १९५८ पर्यंत चालविली. हवामान बदलल्यानें वसंत पूर्वीपेक्षां लवकर येऊं लागला काय, हें तपासतांना शास्त्रज्ञांस त्या साध्या नोंदी उपयोगीं पडल्या. आपल्या देशांतही २०१० च्या सुमारास ‘सीझनवॉच’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत शाळकरी मुलें दर आठवड्यास आपआपलें झाड पाहून पानाफुलांची नोंद पाठवितात.

आपल्या मराठवाड्यांत तर ऋतु ओळखणें हा केवळ करमणुकीचा विषय नाहीं. या शहरीं वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच. पंचांगांत मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेस लागतें. पाऊस मात्र पंचांग वाचून येत नाहीं. एखादी सर पडतांच पेरणी उरकावी, मग पावसानें दडी मारावी, कोवळे अंकुर करपून जावे आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीचा प्रसंग यावा, हें दुःख तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकावा. २०१२ चा आईवडिलांस विचारावा. मुलांच्या वहीनें पाऊस पडणार नाहीं, हें आम्हांस कळतें. परंतु काय व्हावयास पाहिजे होतें आणि प्रत्यक्ष काय झालें, या दोहोंतील भेद ज्यानें लहानपणीं ओळखला, तो मोठेपणीं शेत, धंदा किंवा कचेरी कोठेंही असला तरी सहसा फसत नाहीं आणि दुसऱ्यासही फसवीत नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. मुलानें ‘ज्येष्ठ लागला, आकाश भरलें, पाऊस नाहीं’ असें लिहिलें, तर पंचांगाकडे बोट दाखवून तें खोडावयास लावूं नये. राहिलेली नोंद आपण भरून देऊं नये. याला गुण किती, असेंही विचारूं नये. शक्य तर आठवड्यांतून पांच मिनिटें त्याच्याबरोबर झाडाखालीं उभें राहावें. आपल्या लहानपणीं आपणांसही जें ठाऊक होतें, त्यांतील कांहीं त्या पांच मिनिटांत आठवेल व तें मुलाच्या कानीं पडेल.

मित्रांनो, वार आजच ठरवा आणि झाड उद्यां निवडा. पहिल्या वर्षीं तुमची वही साधी दिसेल. दुसऱ्या वर्षीं मागचें पान उलटून पाहाल, तेव्हां तीच पालवी दहा दिवस आधीं किंवा उशिरा आलेली तुम्हांस आढळेल. आणि ही गोष्ट तुम्हांस कोणत्याही पुस्तकानें सांगितलेली नसेल. शाळा सोडून जातांना ती वही खालच्या वर्गांतील एखाद्याच्या हातीं द्या आणि तें झाडही त्यास दाखवून जा.