इमर्जन्सीतली गर्दी ओसरली, पण दुखणं कुठे गेलं?

कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या गोदामांत आणि कॅम्पमध्ये राहणाऱ्यांनो, साथीच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्यांच्या रोजच्या आकड्यावर विसंबू नका. बहुतेकांची सुट्टी शुक्रवारी. कुणी दुखणं सुट्टीपर्यंत रेटतो, कुणी सुट्टीत अंगावर काढून नंतर दवाखान्यात येतो. सात दिवसांची बेरीज केली की हे चढउतार निवळतात. मग दोन गोष्टी पाहायच्या: एकूण किती जण आले आणि त्यांत ताप-खोकल्याचे किती. एकूण आकडा घटला आणि ताप-खोकल्याचा वाटा वाढला, तर साथ पसरते आहे आणि बाकीचे आजारी खोलीतच पडून आहेत, अशी शंका घ्यावी.

कतारमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण 29 फेब्रुवारी 2020 रोजी सापडला. मार्चमध्ये दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाचा मोठा भाग बंद झाला. त्याच सुमारास अमेरिकेत पाहणीखालच्या इमर्जन्सी विभागांत येणाऱ्यांची आठवड्याची सरासरी आदल्या वर्षीच्या 21 लाखांवरून 12 लाखांवर आली. तिथे आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या दहा आठवड्यांत हार्ट अटॅकसाठी येणारे 23 टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे 20 टक्क्यांनी घटले. हृदयरोग दहा आठवड्यांत एवढा ओसरत नाही. माणसं संसर्गाच्या धास्तीने घरी थांबली, हेच त्याचं मोठं कारण. कॅम्पमध्ये या धास्तीला आणखी दोन भीतींची जोड असते: क्वारंटाइनची आणि रोजंदारी बुडण्याची. ही भीती मला समजते. तरीही छातीवर दाब येऊन घाम फुटला, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरलं, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर हे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. उन्हात काम करणाऱ्याचं अंग तापलं आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर साथीचा ताप समजून त्याला खोलीत एकटं ठेवू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. अँब्युलन्स येईपर्यंत हे थांबवायचं नाही.

अँब्युलन्ससाठी 999 लावा. मित्राच्या पिकअपमधून नेऊ नका, वाटेत हृदय बंद पडलं तर तिथे कुणाच्या हाती काही नसतं. इथली गोदामं एकसारखी दिसतात, म्हणून इमारतीवरच्या निळ्या पाटीवरचे झोन, रस्ता आणि इमारत हे तिन्ही नंबर आजच फोनमध्ये टिपून ठेवा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या पाकिटांचा फोटोही तिथेच ठेवा आणि खोलीतल्या एका सोबत्याला दाखवून ठेवा.