नावावर केस आहे, रुग्णवाहिकेवर नोकरी मिळेल का?

मुलगा बारावी सायन्स झालेला, धावपळीच्या कामाची आवड असलेला. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ईएमटी, व्हायचं म्हणतो. पण यात्रेतल्या मारामारीत किंवा मोर्चात पोलिसांनी त्याचं नाव घेतलंय. घरात एकच घोर: फी भरली आणि शेवटी व्हेरिफिकेशनमध्ये अडकलं तर? नंदुरबार जिल्ह्यातल्या अशा घरांसाठी थोडक्यात उत्तर असं: केस आहे म्हणून दार आपोआप बंद होत नाही, ती लपवली तर मात्र बहुतेकदा होतं.

केस नेमकी कुठवर आली आहे?

‘केस आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे एनसी, ही शिक्षा नव्हे. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई. तिच्यात बाँड लिहून घेतात, दोषी ठरवत नाहीत. एफआयआर झाला असेल तर पुढचं पाहा. पोलिसांनी समरी पाठवून तपास बंद केला, दोषारोपपत्र गेलं, तडजोड झाली, निर्दोष सुटका झाली, की शिक्षा लागली? प्रत्येकाचा परिणाम वेगळा. म्हणून कोर्सची चौकशी करण्याआधी निकालाची सर्टिफाइड नक्कल काढा.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987च्या कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. दोन्ही बाजूंचा समेट झालेला किरकोळ गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे अर्ज करता येतो. तो टिकेल का, हे वकिलाला विचारा.

घटना घडली तेव्हा मुलगा 18 वर्षांखालचा असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 त्याच्या पाठीशी आहे. कलम 24 प्रमाणे अशा प्रकरणामुळे अपात्रता येत नाही, आणि निकाली प्रकरणाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी उघड करायची नसते. गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढासारखा खटला चालवून दोषी धरलं असेल, तर मात्र अपात्रतेपासूनचं हे संरक्षण नाही.

फॉर्म भरताना

सरकारी भरतीत साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात अटक झाली होती का, खटला चालला का, बाँड घेतला का, दंड झाला का, असं वेगवेगळं विचारलेलं असतं. ‘निर्दोष सुटलो, मग सगळीकडे नाही लिहू’ या हिशेबाने पुष्कळांचा घात होतो. अटक झाली असेल तर तिथे ‘होय’ लिहायचं, खाली निकाल नमूद करायचा आणि नक्कल जोडायची.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात याचे निकष घालून दिले. माहिती खरीच हवी. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब लपवली गेली, तर नियुक्ती करणारा ती माफ करू शकतो. उलट, सगळं खरं सांगूनही उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा त्याचा हक्क राहतो. म्हणजे खरं सांगितल्याने नोकरीची हमी मिळत नाही, पण खोटं सापडल्यावर बाजू मांडायला जागाच उरत नाही.

इतकी चौकशी कशासाठी?

मोलगीहून रात्री निघालेल्या गाडीत बेशुद्ध बाई आहे. गळ्यात मंगळसूत्र, पदराला पैसे, शेजारी घाबरलेली सासू. अशा वेळी गाडीतल्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकावा लागतो. म्हणून चोरी, स्त्रिया व मुलांवरचे अत्याचार, अमली पदार्थ यांतली शिक्षा इथे फार जड जाते. असा निकाल असेल तर फी भरण्याआधी दुसऱ्या क्षेत्राचा विचार करणंच शहाणपणाचं. चालक व्हायचं असेल, तर बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा जास्त आड येतो.

काम कुठे मिळतं?

महाराष्ट्रात 108 सेवा 2014 मध्ये सुरू झाली. तिच्या गाडीत डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक असतो. त्यामुळे बारावीनंतरच्या ईएमटीने फक्त 108 वर नजर ठेवू नये. खासगी कार्डिअॅक रुग्णवाहिका, रुग्णालयांचा अपघात विभाग, कारखान्यांची प्रथमोपचार केंद्रं याही जागा पाहाव्यात. नवापूरपलीकडे गुजरातेत 2007 पासून 108 वर डॉक्टरऐवजी प्रशिक्षित ईएमटीच जातो. तिथली शैक्षणिक अट आणि गुजराती, दोन्हींची तयारी ठेवावी. सुरुवात सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार प्रमाणपत्राने करा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबत राहणं आपल्याच्याने होतं का, ते तिथेच कळतं.

परत उभं राहता येतं

कलबुर्गीचा एक एमबीबीएसचा विद्यार्थी 2002 मध्ये खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. तिथल्या दवाखान्यात तो काम करत राहिला. 2016 मध्ये चांगल्या वर्तणुकीमुळे सुटला, 2019 मध्ये पदवी पूर्ण केली आणि पुढे स्वतःचा दवाखाना काढला. कॅलिफोर्नियात वणवे विझवणाऱ्या कैद्यांना ईएमटीचा परवाना मिळणं अवघड होतं. सुटकेनंतर गुन्ह्याची नोंद काढून टाकण्याचा अर्ज करता यावा, असा कायदा तिथे 2020 मध्ये झाला. दोन्हीकडे गुन्हा जगजाहीर होता. तो झाकून कोणी पुढे गेलेलं नाही.

पालकांनी एवढं करावं

‘पोलिसांत ओळख आहे, नाव काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारा: कोर्सला मान्यता कोणाची, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, तिथे पोलीस व्हेरिफिकेशन लागतं का? खटला चालू असेल, तर परीक्षा असो वा पेरणी, मुलाला प्रत्येक तारखेला हजर ठेवा आणि तारीख गाठणं अशक्य असेल तर वकिलामार्फत आधी अर्ज द्या. गैरहजेरीत निघालेलं वॉरंट मूळ भांडणापेक्षा महाग पडतं.