जिन्याच्या तोंडाशी फाटक : कोणते घ्यावे, कोठे लावावे

माझ्या धाकट्या बहिणीचा नातू १० महिन्यांचा असताना जिन्यावरून पडला. जिन्याला फाटक नव्हते असे नाही. फाटक होते, नवे कोरे होते, आणि ते त्याच्यासकट पाच पायऱ्या खाली आले. गळ्याखालचे आडवे हाड मोडले, डोक्याला टेंगूळ आले, एक रात्र दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावे लागले. आज तो चार वर्षांचा आहे आणि घरभर धुडगूस घालतो. पण मला टोचते ते निराळेच. त्याच्या दोनच दिवस आधी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. फाटकाला हात लावला तर ते हलले. मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, मुलांच्या वॉर्डात रात्री काढल्या. हलणारे फाटक म्हणजे काय हे मला सांगायला नको होते. पण भाचा मोठ्या कौतुकाने दाखवत होता, “मावशी, एक भोकही पाडावं लागलं नाही भिंतीला!” मी मनात म्हटले, जाताना सांगू. जाताना गप्पांत राहून गेले.

तेव्हा न सांगितलेले आज सविस्तर सांगते.

बाजारात मुलांसाठी मिळणारी फाटके मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. एक दाबावर बसणारे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना रबरी टोकाचे स्क्रू असतात, ते फिरवून फाटक दोन भिंतींच्या मध्ये घट्ट अडकवायचे. भोक नाही, खिळा नाही, भाड्याच्या घरात मालकाची कटकट नाही. दुसरे भिंतीला ड्रिल करून, रावळप्लग आणि स्क्रूने कायमचे बसवायचे. दुकानदार दोन्ही एकाच तोंडाने विकतो आणि “कुठंही चालतं” असे सांगतो. माझ्या भाच्यालाही तसेच सांगितले गेले. ते खरे नाही. दाबाचे फाटक दोन खोल्यांच्या मधल्या दारात किंवा स्वयंपाकघराच्या दारात चालते, कारण ते सुटले तरी मूल सपाट जमिनीवरच पडते. जिन्याच्या वरच्या टोकाला ते कधीही लावू नये. तिथे फक्त भिंतीत स्क्रूने बसवलेले फाटक हवे. या एका गोष्टीत तडजोड नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे आपोआप कळते. बाळ सात-आठ महिन्यांचे झाले की रांगते, नऊ-दहाव्या महिन्यात दिसेल त्या वस्तूला धरून उभे राहते. फाटक दिसले की त्याला धरणार, उभे राहणार आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवणार. त्यात त्याला विलक्षण आनंद असतो. दिवसातून पन्नास वेळा असे झाले की रबरी टोक हळूहळू सरकते. आपल्याकडे भिंतीला ऑइलपेंट किंवा फरशी असली तर आणखी लवकर सरकते, आणि जुन्या चुन्या-मातीच्या गिलाव्यात तर टोक आतच रुतून ढिले होते. शिवाय या फाटकांना खाली जमिनीलगत एक आडवी पट्टी असते. स्वयंपाकघराच्या दारात तिला ठेच लागली तर फार काही होत नाही. जिन्याच्या तोंडाशी, कडेवर मूल आणि हातात कळशी असताना ठेच लागली तर दोघेही खाली जातात. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, म्हणून ते पडते तेव्हा बहुधा डोक्यावरच पडते.

आता आपल्या घरांकडे येऊ. या फाटकांच्या खोक्यावर जे चित्र असते त्यात रुंद लाकडी जिना, वर मोकळी जागा, शेजारी रोपटे. आपल्यापैकी किती जणांच्या घरात असा जिना आहे? वस्तीत एकावर एक खोली चढवलेली असते, बाहेरून अरुंद लोखंडी जिना असतो, नाहीतर आतूनच पोटमाळ्याला उभी शिडी लावलेली असते. भिंत कोठे चार इंची विटेची, कोठे पत्र्याची, कोठे प्लायची. तयार फाटक इथे बसत नाही, आणि बसवलेच तर टिकत नाही.

अशा ठिकाणी माझा सरळ सल्ला असा, की परिसरातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावे. लोखंडी जिन्याला लोखंडी फाटकच शोभते आणि ते जिन्याच्या खांबालाच बिजागरीने जोडता येते, भिंतीचा प्रश्नच उरत नाही. बहिणीच्या घरी अपघातानंतर आम्ही हेच केले. मात्र वेल्डिंगवाल्याला नुसते “एक छोटं गेट करून दे” म्हणून सोडू नये. तो खिडकीच्या ग्रिलसारखी आडव्या पट्ट्यांची नक्षी करून आणेल, आणि आडव्या पट्ट्या म्हणजे मुलाला चढायला पायऱ्याच. गज उभेच हवेत. दोन गजांतली फट सहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे आपली तीन बोटे जेमतेम जातील इतकी; त्याहून मोठ्या फटीत मुलाचे धड जाते आणि डोके अडकते. खालची फट पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मूल पालथे पडून पाय बाहेर काढते आणि घसरते. उंची मुलाच्या उंचीच्या निदान पाऊणपट हवी. मूल वाढणारच आहे, तेव्हा सुरुवातीलाच अडीच फूट करून घ्यावे. वरच्या बाजूला भाल्यासारखी टोके काढू देऊ नयेत, ती शोभेला कितीही छान दिसोत. कडा ग्राइंडरने घासून घ्याव्यात आणि फाटक दोन हातांनी जोरात हलवून पाहिल्याशिवाय त्याचे पैसे चुकते करू नयेत.

फाटक उघडते कोणत्या बाजूला, हे फार कमी लोक पाहतात. ते खोलीच्या बाजूला उघडले पाहिजे, जिन्याच्या बाजूला कधीच नाही. जिन्यावर झुलणारे फाटक उघडताना आपणच त्याच्याबरोबर पुढे झुकतो. जागा असेल तर पहिल्या पायरीच्या अगदी कडेला न लावता थोडे आत घ्यावे. आणि वर लावले म्हणून खाली विसरू नये. रांगणारे मूल पायऱ्या चढायला फार लवकर शिकते, उतरायला उशिरा. चार पायऱ्या चढून मागे वळून पाहते आणि तोल जातो.

भिंत विटेची असेल तर स्क्रू गिलाव्यात नव्हे, आतल्या विटेत गेला पाहिजे, म्हणजे पुरेसा लांब हवा. पत्र्याच्या किंवा प्लायच्या भिंतीवर फाटक लटकवू नये. आतल्या लोखंडी अँगलला किंवा दाराच्या लाकडी चौकटीला पकड घ्यावी. माप घेताना वर आणि खाली अशा दोन ठिकाणी घ्यावे. आपल्या भिंती ओळंब्यात असतातच असे नाही. वर ३० इंच आणि खाली २९ हे मी स्वतः मोजले आहे.

पोटमाळ्याच्या उभ्या शिडीला फाटकाचा काही उपयोग नाही. शिडी उचलून ठेवता येत असेल तर ठेवावी. पक्की असेल तर खालच्या पाच-सहा पायऱ्या झाकतील असा गुळगुळीत प्लायचा तुकडा दोन हुकांवर अडकवावा, मोठ्यांनी चढताना काढावा आणि लगेच परत लावावा. माळ्यावर मूल झोपत असेल तर वरच्या तोंडाला झाकण आणि कडी हवीच.

एका खोलीच्या घरात आणखी एक पेच असतो. तिथे स्वयंपाकघराला दारच नसते, मग फाटक लावायचे कोठे? विहारात महिला मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न मला एका ताईंनी विचारला होता आणि तेव्हा मला पटकन उत्तर देता आले नाही. नंतर विचार केल्यावर सुचले, की धोका कोंडता येत नसेल तर तासाभरापुरती मुलाची जागा आखून घ्यावी. खोलीचा एक कोपरा उभ्या गजांच्या कठड्याने अडवून आत सतरंजी, दोन-चार वाट्या-चमचे द्यावेत, आणि तो कोपरा आपल्या नजरेसमोर असावा. भाकरी होईपर्यंत मूल रडेल, रडू द्यावे. शेगडी जमिनीवर असेल तर ती उंचावर घेणे हे फाटकापेक्षा महत्त्वाचे. फाटक लावले तरी गजातून हात घालून मूल जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत गरम डाळ, चहाचे पातेले किंवा गॅसची नळी असता कामा नये.

मोरीलाही हेच लागू. बहुतेक घरांत मोरीला दार नसते, पडदा असतो, आणि पाणी दिवसाआड येत असल्याने बादल्या-पिंपे भरलेली असतात. वाकून बादलीत डोकावणारे मूल डोक्याच्या भाराने आत पडते आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरते. बुडताना आवाज होत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत असून कळत नाही. मोरीच्या तोंडाला दाबाचे फाटक चालेल, तरी पिंपाला घट्ट झाकण हवे आणि वापरातली बादली रिकामी करून पालथी ठेवावी.

फाटकाऐवजी लोक काय काय लावतात! आडवी खुर्ची, गादीची वळकटी, रिकामे सिलिंडर, साडी किंवा दोरी ताणून बांधलेली. खुर्ची आणि वळकटीवर मूल चढते, सिलिंडर अंगावर पडते, आणि दोरी-साडीत मान अडकण्याचा धोका तर जिन्याहून मोठा. दुमडणारे जाळीचे जुने लाकडी फाटक कोणी दिले तर घेऊ नये. उघडल्यावर त्यात मोठे तिरपे चौकोन आणि वर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते, तीत मान अडकते. दाराच्या लोखंडी चॅनेल गेटचेही तेच, त्यात बोटे चिरडतात. जुन्या घरांत दाराला खाचा करून आडवी फळी सरकवत, ती पद्धत मात्र खोलीच्या दारासाठी आजही चांगली. फळ्या एकावर एक, मध्ये फट न ठेवता हव्यात.

कडी कशी असावी यावर माझे आणि भाच्याचे मतभेद झाले. त्याला दोन बटणे एकदम दाबून उचलायची कडी हवी होती. माझे म्हणणे, घरात सांधेदुखीची आजी आहे. तिला एका हाताने उघडता येईल पण मुलाला येणार नाही अशी कडी हवी. अवघड कडी असली की म्हातारी माणसे फाटक उघडेच ठेवतात किंवा त्यावरून ओलांडून जातात, आणि ओलांडताना पडलेल्या आजींवर मी स्वतः मलमपट्टी केली आहे. बाहेर पडायची वाट एकच असेल तर आग लागली तेव्हा अंधारातही हाताला कडी सापडली पाहिजे. कुलूप कधीही लावू नये. शेवटी लोखंडी फाटकाला बाहेरच्या बाजूने, वरून हात घालून सरकवायचा साधा बोल्ट लावला. आजी खूश आहे.

फाटक उघडे राहते ते घाईत आणि पाहुण्यांच्या वेळी. १४ एप्रिलला किंवा घरात कार्यक्रम असताना दहा माणसे वरखाली करतात, आणि प्रत्येकाला वाटते मागचा लावेल. त्या दिवशी मूल एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावे, आणि तसे त्या माणसाला नाव घेऊन सांगावे. मोठ्या भावंडांना फाटक लावायला शिकवावे, पण लहानाची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. आठवड्यातून एकदा फाटक हलवून पाहावे. हलले तर त्याच दिवशी घट्ट करावे, जाताना सांगू असे म्हणू नये.

एवढे करूनही मूल पडलेच तर डोक्याकडे लक्ष द्यावे. शुद्ध हरपली, वारंवार उलटी झाली, झटका आला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले, मूल सतत गुंगीत राहिले किंवा एक हात-पाय हलवेना, तर घरी वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मान वेडीवाकडी वळवू नये, हळद-चुना लावत बसू नये, तोंडात पाणी घालू नये.

मूल दोन वर्षांचे झाले, किंवा त्याआधीच फाटकावर पाय टाकू लागले, की फाटक काढावे. चढणाऱ्या मुलाला फाटक म्हणजे पडण्याची उंची वाढवणे. तोवर त्याला उलटे बसून, पोटावर सरकत एकेक पायरी उतरायला शिकवून ठेवावे, आठवड्याभरात जमते. काढलेले फाटक दुसऱ्या घरी देताना बिजागरी, कडी, स्क्रू सगळे मोजून द्यावे, आणि घेणाऱ्याने रावळप्लग नवे घ्यावेत, जुने पुन्हा घट्ट बसत नाहीत. बहिणीकडचे फाटक गेल्या पावसाळ्यात समोरच्या घरी गेले. तिकडच्या जिन्याची रुंदी दोन इंचांनी जास्त निघाली, तेव्हा एक गज वाढवून घ्यावा लागला.