शिवसुमन कुंडीत वाढेल का?

प्रश्न : ट्रेकमध्ये शिवसुमन दिसलं, तर बदलापूरच्या गच्चीत लावायला रोप आणू का?

उत्तर : मुळीच उपटू नका. शिवसुमन म्हणजेच फ्रेरिया इंडिका ही महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवरच उगवणारी संकटग्रस्त वनस्पती आहे. मात्र फांदीपासून ती सहज वाढते. खात्रीच्या रोपवाटिकेतून बोटभर मांसल फांदी घ्या, काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. भरड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडी माती यांत लावा. बदलापूरच्या धो-धो पावसात कुंडी छपराखालीच ठेवा. पाणी साचलं की खोड कुजतं.

एका झाडाच्या सगळ्या फांद्या जनुकीयदृष्ट्या सारख्याच. म्हणून खऱ्या संवर्धनासाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांचं बी लागतं. ते काम वनस्पती उद्यानांचं. कुंडीतली रोपं परस्पर डोंगरावर नेऊन लावू नका. जंगलात फूल दिसलं, तर फोटो काढा. ठिकाण मात्र जाहीर करू नका.