पोरीची वही आणि निळं जाकीट



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचून झाले, चहा आला, तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझी पोरगी आयटीआयला वेल्डिंगला आहे. वर्गात एकटीच पोरगी. शिकवतात चांगलं, पण बाकी काही नाही. कुठं चार लोकांत बोलायचं नाही, कुठं पुढं व्हायचं नाही. पाहुणे विचारतात काय करते, तर ही खाली मान घालून सांगते, आयटीआय."

ती खाली मान माझ्या डोक्यातून गेली नाही. म्हणून या वेळी बचतीचा विषय बाजूला ठेवून दुसरीच गोष्ट सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण बैठक, हजेरी, खजिनदार, नोंदवही हे सगळं तुमच्या ओळखीचं त्यात आहे.

अमेरिकेत १९१७ साली एक कायदा झाला. हायस्कूलमध्ये शेती, घरकाम, कारखान्यातली कामं शिकवायला सरकार पैसे देऊ लागलं. शेती शिकणाऱ्यासाठी त्यात एक अट होती. नुसतं वर्गात बसून चालणार नाही, वर्षातले निदान सहा महिने मास्तरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीचं काम करायचं. शिक्षण सुरू झालं. पण व्हर्जिनिया राज्यातल्या काही शेतकी शिक्षकांच्या लक्षात आलं की पोरं हाताने हुशार आहेत, तरी शहरातल्या पोरांपुढे बुजतात. म्हणजे बघा, ती खाली मान तिथंही होती. या शिक्षकांनी १९२५-२६ च्या सुमारास शेतकी शिकणाऱ्या मुलांची एक संघटना काढली. तिच्यावरून पुढे १९२८ मध्ये कॅन्सस सिटी या गावी देशपातळीवरची संघटना उभी राहिली, 'फ्युचर फार्मर्स ऑफ अमेरिका', म्हणजे उद्याचे शेतकरी. थोडक्यात एफएफए. पहिल्या सभेला १८ राज्यांतली फक्त ३३ मुलं होती. वर्गणी वर्षाला दहा सेंट, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा. आपले गटही असेच सुरू झाले ना, दहा-दहा बाया आणि थोडीथोडी बचत.

ही संघटना शाळेबाहेरचं मंडळ नव्हती. आजही तिथं शेतीशिक्षण तीन भागांचं मानतात: वर्गातला धडा, विद्यार्थ्याचा स्वतःचा उद्योग आणि संघटनेचं काम. तिन्ही एकमेकांत गुंतलेले. वर्गात कोंबडीचे रोग शिकायचे, घरी स्वतःच्या कोंबड्या पाळायच्या, आणि संघटनेत उभं राहून त्याबद्दल बोलायचं.

बैठक कशी चालते ते ऐका, मला तर फार गंमत वाटली. प्रत्येक पदाधिकाऱ्याची बसायची जागा आणि खूण ठरलेली. अध्यक्षाजवळ उगवता सूर्य, उपाध्यक्षाजवळ नांगर, सचिवाजवळ मक्याचं कणीस. खजिनदाराजवळ जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र, कारण त्या देशाचा हा पहिला राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या शेतीचा हिशोब फार काळजीपूर्वक ठेवायचा. दाराशी एक जण असतो, त्याचं काम पाहुण्याला आत घेणं आणि खोलीत सगळं नीट आहे ना ते बघणं. हेसुद्धा पद! बैठक सुरू होताना प्रत्येकाने आपलं काम काय ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. आपल्याकडे किती गटांत सचिव ताईंना आपलं काम विचारलं तर "सीआरपी ताई सांगतील" असं उत्तर येतं, ते मी इथं लिहीत नाही.

सभा चालवण्याच्या तर त्यांच्यात स्पर्धा होतात. ठराव मांडायचा कसा, त्याला अनुमोदन कसं द्यायचं, विरोध असेल तर भांडण न करता कसा नोंदवायचा, मतदान कसं घ्यायचं, हे चौदा-पंधरा वर्षांची मुलं शिकतात. अशा स्पर्धा फक्त शेतीच्या मुलांत होतात असं नाही. वेल्डिंग, प्लंबिंग, सुतारकाम असल्या कामांचं शिक्षण घेणाऱ्यांची संघटना १९६५ मध्ये निघाली, तिला आता स्किल्सयूएसए म्हणतात. त्यात मुलं वेल्डिंगचा जोड करून दाखवतात, परीक्षक तो तपासतात.

आता ज्यासाठी हे सगळं सांगत होते ते. या उद्याच्या शेतकऱ्यांत मुली नव्हत्या. देशपातळीवरचं सभासदत्व फक्त मुलांना होतं. मुलींसाठी १९४५ मध्ये वेगळी संघटना निघाली, तिचं नाव उद्याच्या गृहिणी. म्हणजे शेत त्याचं, चूल तिची. काम मात्र तिथल्या शेतावरही बाया करतच होत्या. एफएफएच्या मुलांचं निळ्या कॉर्डुरॉयचं जाकीट असतं, १९३३ पासूनचं, छातीवर नाव विणलेलं. मोठ्या अभिमानाची गोष्ट. ते घालायचा हक्क मुलींना मिळाला १९६९ मध्ये, स्थापनेनंतर ४१ वर्षांनी, सभेत मतदान होऊन. १९७६ मध्ये पहिली मुलगी राष्ट्रीय पदाधिकारी झाली आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाची जॅन एबर्ली पहिली महिला राष्ट्रीय अध्यक्ष. आज संघटनेचे सुमारे दहा लाख सभासद आहेत आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त मुली.

अजून एक गोष्ट, जी ऐकायला तितकी गोड नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, म्हणून त्यांची संघटनाही वेगळी होती, 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका'. १९३५ मध्ये ती देशपातळीवर उभी राहिली. त्यांचं जाकीट काळं, चिन्हात कापसाचं बोंड. पन्नास हजारांवर सभासद झाले. १९६५ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. एक होणं बरोबरच होतं. पण एक होताना नाव राहिलं मोठ्या संघटनेचं, जाकीट तिचंच, चिन्हही तिचंच, आणि काळ्या मुलांचे पुढारी मागे पडले. पुढे काळे सभासदही कमी होत गेले. पहिला काळा राष्ट्रीय अध्यक्ष व्हायला १९९४ उजाडलं. आपल्याकडे वस्तीवरचे छोटे गट ग्रामसंघात येतात, तेव्हा त्यांच्या बाया सही करतात आणि मागच्या रांगेत बसतात. पदाधिकारी कोणत्या आळीच्या आहेत, कधी मोजून बघा. मी तीन गावांत मोजलं. आकडा इथं देत नाही, पण मला वाईट वाटलं.

आता आपल्या कामाचं. ही संघटना आपल्या गावात नाही आणि आणायचीही गरज नाही. आपल्याकडे शेतकी कॉलेजच्या मुली कृषिकन्या म्हणून गावात येऊन राहतात ते तुम्ही पाहिलंय. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला हाताने काम करत शिकायचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत गेला. म्हणजे ही वाट आपल्याला अनोळखी नाही. मला त्या अमेरिकन पद्धतीतली एकच गोष्ट उचलावीशी वाटते, ती म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा उद्योग आणि त्याची स्वतःची वही. तिथं जनावर मुलाने स्वतः सांभाळायचं, खर्च, उत्पन्न आणि किती तास काम केलं ते स्वतः लिहायचं. मास्तर वही तपासतात.

समजा, तुमच्या मुलीसाठी तुम्ही गटातून १६,००० रुपये अंतर्गत कर्ज घेऊन दोन गाभण शेळ्या आणल्या. वर्षात तीन करडं वाढवून विकली, प्रत्येकी ५,००० ने, आले १५,०००. खुराकाला गेले ३,०००, लस आणि जंताच्या औषधाला ४००, व्याज १,०००. हातात राहिले १०,६००, शेळ्या दोन्ही दावणीला. मुद्दल यातूनच फेडायचं आहे, ते विसरू नका. आपण इथंच थांबतो आणि म्हणतो, परवडलं. आता मुलीला तासांचा रकाना भरू द्या. रोज एक तास चारा-पाणी आणि झाडलोट धरली तर वर्षाचे ३६५ तास. १०,६०० ला ३६५ ने भागा. तासाला २९ रुपये. आणि बांधावरचा चारा आपण फुकट धरला आहे, तो वेगळाच.

हा आकडा एका ताईंना सांगितला तर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी किती कमावलं आणि किती फुकट केलं?" पोरीने हे पंधराव्या वर्षी कागदावर बघितलं तर ती भाव करायला शिकेल. शेळी किलोवर विकायची की अंदाजाने, हा प्रश्न ती स्वतःच विचारेल.

शेळीच पाहिजे असं नाही. शिवणकाम, रोपवाटिका, वेल्डिंगवाल्या पोरीने केलेलं कोंबड्यांचं खुराडं, काहीही चालेल. पण तीन गोष्टी पाळा. वहीवर नाव मुलीचं. पैसे आले की आधी तिच्या हातात, मग परतफेड. आणि महिन्यातून एकदा तिने वही घेऊन गटाच्या बैठकीत यायचं, उभं राहून पाच मिनिटं वाचून दाखवायची. चुकली तर चुकू द्या, मध्ये कोणी सांगू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आयांना गप्प बसवत नाही!

पुढच्या बैठकीत पंचसूत्री झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवा. कुणाकुणाच्या मुली आयटीआय, नर्सिंग, शेतकी डिप्लोमा किंवा शिवणक्लासला आहेत त्यांची यादी करा. घरातलं कोणतं जनावर, कोणतं मशीन मुलीच्या नावाने नोंदवलेलं आहे ते एकमेकींना विचारा. घरचे "पोरीच्या नावावर कशाला" म्हणाले तर काय उत्तर द्यायचं, तेही आधीच बोलून ठेवा, कारण ते म्हणणारच आहेत. वेल्डिंगवाल्या पोरीच्या आईने दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर नाव कुणाचं लिहायचं यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं, असं त्या म्हणाल्या. यादी झाली की सीआरपी ताईंकडे द्या, वहीचे रकाने आखायला मी येईन.