पेशीला जाळीचं घर

टाइप वन मधुमेहात मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. आईबाप विचारतात, "ताई, दुसऱ्याच्या पेशी बसवता येत नाहीत का?" येतात. पण शरीर त्यांनाही परकं समजतं. त्या टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावी लागतात, आणि मग साधा जंतुसंसर्गही जड जातो.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली: पेशी पॉलिमरच्या कवचात ठेवायच्या. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबलचक माळ. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट हे त्यातलंच. वाहत्या जखमेच्या काही ड्रेसिंगमध्येही ते असतं, आम्हा नर्सेसच्या हाताखालून गेलेलं आहे.

अल्जिनेटच्या पातळ द्रावणात जिवंत पेशी मिसळतात आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडतात. थेंब लगेच जेलीसारखा घट्ट होतो, भिजलेल्या साबुदाण्यासारखा, पण त्याहून खूप बारीक. वर दुसऱ्या पॉलिमरचा पातळ थर देतात. हे कवच म्हणजे चाळणीच. ऑक्सिजन आणि साखर आत जाते, इन्शुलिन बाहेर येतं, पण हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी मोठ्या, त्या बाहेरच अडतात.

१९८० साली लिम आणि सन यांनी उंदरांच्या पेशी अशा कवचात घातल्या. प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात त्या १५ आठवड्यांहून जास्त काळ काम करत राहिल्या. मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडल्यावर मात्र साखर दोन ते तीन आठवडेच ताब्यात राहिली. काचेच्या भांड्यातलं यश आणि शरीरातलं यश यांत एवढा फरक असतो! शरीर कवचाभोवती व्रणासारखा जाड थर चढवतं, मग ऑक्सिजन पोहोचत नाही आणि आतल्या पेशी गुदमरतात.

डोळ्याच्या पडद्याच्या एका दुर्मिळ आजारासाठी कवचातल्या मानवी पेशींना अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. मधुमेहासाठी मात्र हे अजून संशोधनातच आहे. म्हणून "पेशींचा उपचार देतो, इन्शुलिन सोडा" असं कुणी सांगितलं तर इन्शुलिन सोडू नका. टाइप वनच्या मुलाचं इन्शुलिन बंद झालं तर एकदोन दिवसांतही उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी सुरू होऊ शकते. तसं दिसलं की सकाळची वाट न बघता त्याला मोठ्या दवाखान्यात न्या.