राहण्याचे ठिकाण कसे पारखावे?
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथीसाठी एक पाठ)

परिसर अभ्यासात ‘खेडे व शहर’ हा विषय निघाला की पुष्कळ वर्गांतून फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे ‘शुद्ध हवा, ताजा भाजीपाला, माणुसकी’ आणि उजवीकडे ‘धूर, गर्दी, धावपळ’ असे शब्द येतात. मुले ते उतरून घेतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु त्याच मुलांस ‘मोठेपणी कोठे राहाल?’ असे विचारले, तर बहुतेक जण नागपूरचे किंवा पुण्याचे नाव घेतात. वहीतील उत्तर एक आणि मनातील दुसरे! याचे कारण असे की, पाठात तुलना झालीच नाही. विशेषणे तेवढी वाटली गेली.

केळापूर तालुक्यात हा विषय परीक्षेपुरता नाही. मुलीस आठवीनंतर कोठे ठेवावे, कापसाचा हंगाम संपल्यावर कामासाठी बाहेर जावे काय, पोडावरचे घर सोडून सडकेला यावे काय, हे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी नित्य उभे राहतात. आज चौथीत बसलेले मूल थोड्याच वर्षांत त्या निर्णयात स्वतः भाग घेणार आहे. ते त्याने ऐकीव गोष्टींवर घेऊ नये, यासाठी हा पाठ आहे.

पाठाचा उद्देश

विद्यार्थ्यांस तीन सवयी लावावयाच्या आहेत. पहिली : कोणतीही सोय सांगताना ‘ती कोणासाठी?’ हे विचारणे. दुसरी : ‘जवळ’, ‘लांब’, ‘स्वस्त’ असे मोघम शब्द सोडून किलोमीटर, तास व रुपये सांगणे. तिसरी : एखादी उणीव दूर होण्याजोगी आहे की नाही, याचा विचार करणे.

तुलनेसाठी चार ठिकाणे

खेडे व शहर अशी दोनच टोके घेऊ नयेत. मुलांच्या ओळखीची चार ठिकाणे घ्यावीत : डोंगरउतारावरील पोड, काळ्या जमिनीतील कापसाचे गाव, पांढरकवडा आणि नागपूर.

प्रारंभी एक प्रश्न विचारावा : ‘आपल्या तालुक्याचे नाव केळापूर, मग तहसील कचेरी पांढरकवड्यास कशी?’ जगदंबेच्या देवस्थानामुळे केळापूर सर्वांस ठाऊक आहे. कचेरी, न्यायालय, बाजार समिती व सरकारी रुग्णालय मात्र खुनी नदीकाठच्या पांढरकवड्यास आहे. तसेच आपला यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यावरून ठिकाणांचे महत्त्व कायमचे ठरलेले नसते, हे मुलांच्या सहज ध्यानात येते.

यानंतर एकेका ठिकाणाची चर्चा करावी. पोडावर कोलाम कुटुंबे आपल्या माणसांत राहतात. घरात कोलामी बोलली जाते. सरपण, मोहफुले, डिंक व तेंदूपाने जवळच्या रानात मिळतात. परंतु पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद होते आणि आजाऱ्यास दवाखान्यात नेणे कठीण जाते. कापसाच्या गावी शेत व घर जवळ असते, शेजाऱ्याची मदत मिळते. मात्र पाऊस चुकला की सगळ्या गावाचे उत्पन्न एकदमच घटते. पांढरकवड्यास नागपूर–हैदराबाद महामार्ग आहे, महाविद्यालय आहे, दवाखाना आहे. पण तेथे घरभाडे द्यावे लागते व सरपणापासून भाजीपर्यंत सर्व विकत घ्यावे लागते. सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपुरास कामे अनेक प्रकारची आहेत, मोठी रुग्णालये आहेत. परंतु नवख्या मजुराची ओळख धरणारे तेथे कोणी नसते.

दाण्यांचा तराजू

वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटास एक कल्पित कुटुंब द्यावे : १) गरोदर सून असलेले घर, २) आठवी झालेली मुलगी असलेले घर, ३) म्हातारे आजीआजोबा व दोन एकर शेत असलेले घर, ४) जमीन नसलेले मजुरीवरील घर. जमिनीवर खडूने सहा चौकोन काढावेत : पाणी, शाळा, दवाखाना, काम, आपली माणसे, निर्धास्तपणा. प्रत्येक गटास तुरीचे दहा दाणे द्यावेत व आपल्या कुटुंबास ज्याची गरज अधिक, त्या चौकोनात अधिक दाणे ठेवण्यास सांगावे.

गरोदर सुनेच्या घराचे दाणे दवाखान्याकडे जातील, आजीआजोबांचे आपल्या माणसांकडे. मग चारही ठिकाणांपैकी कोणते ठिकाण त्या दाण्यांस उतरते, ते गटाने सांगावे व कारण द्यावे. निरनिराळ्या गटांची उत्तरे निरनिराळी आली, तर पाठ साधला असे समजावे. सर्वांचे उत्तर एकच आले, तर शिक्षकाने नकळत आपले मत सांगून टाकले काय, हे तपासावे.

‘निर्धास्तपणा’ या चौकोनाविषयी दोन शब्द. टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. रानालगत राहणाऱ्यास गुरांच्या व स्वतःच्या जिवाची काळजी असते. पांढरकवडा–राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. हा प्रसंग सांगताना भीती वाढवू नये. रानाजवळचा धोका वाघाचा, तसा महामार्गाजवळचा धोका भरधाव वाहनांचा. धोक्याविना ठिकाण नाही, हे दाखवावे.

न दिसणारी उणीव

पाण्याचा चौकोन विशेष काळजीने हाताळावा. आपल्या तालुक्यातील काही गावांच्या हातपंपांच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास प्रथम दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे आखडतात. असे पाणी दिसण्यास नितळ असते. त्यास वास येत नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. गाळून, तुरटी फिरवून घरगुती रीतीने स्वच्छ केलेल्या पाण्यावर या बाबतीत विसंबू नये.

येथे तिसरी सवय उपयोगी पडते. अशा गावातील मुलाने ‘गाव सोडावे’ असे म्हटले, तर विचारावे : ‘उणीव गावाची आहे की त्या एका बोअरची?’ पाणी तपासून घेणे, दूषित पंपावर तशी खूण करणे, तपासलेल्या विहिरीचे किंवा नळयोजनेचे पाणी पिण्यास वापरणे, फ्लोराइड काढणारे गाळणयंत्र बसविणे, असे उपाय आहेत. ग्रामसभेत मागणी करता येते. नाल्यावर पूल होऊ शकतो, शाळा वाढू शकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. ज्या उणिवेस उपाय आहे, तिच्यासाठी घर सोडण्यापूर्वी उपाय मागावा. ज्या उणिवेस नजीकच्या काळात उपाय नाही, तिच्यासाठी स्थलांतर करण्यात कमीपणा नाही. या पाठाचे सार एवढेच आहे.

शिक्षकाने घ्यावयाची दक्षता

कोणाच्याही घरावर, दातांवरील डागांवर किंवा बोलीवर वर्गात बोट ठेवू नये. यास्तवच कुटुंबे कल्पित घ्यावयाची. पोडावरील मुलास ‘तुमच्याकडे काय नाही?’ असे आधी विचारू नये. ‘तुमच्याकडचे काय आम्हांस ठाऊक नाही?’ असे विचारावे. कामासाठी बाहेरगावी जाऊन आलेल्या मुलाचा अनुभव मोलाचा असतो. परंतु तो त्याने आपखुशीने सांगावा.

आणखी एक गोष्ट. आपणांपैकी अनेक जण पांढरकवड्यास राहून शाळेच्या गावी जाणेयेणे करतात. त्यास कारणेही असतात : स्वतःच्या मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, गावात भाड्याचे घर न मिळणे. दुसऱ्या बाजूस, सायंकाळी शेतावरून परतणारा पालक अशा शिक्षकास भेटत नाही, आणि शेवटच्या गाडीची वेळ शाळेच्या वेळेवर चालून येते. पाठापूर्वी शिक्षकाने हे दहा दाणे एकदा आपल्या घरासाठी मांडून पाहावेत. मुले ‘गुरुजी, तुम्ही कोठे राहता?’ असे विचारणारच. त्या वेळी खेड्याची स्तुती करून विषय टाळू नये. आपली कारणे व त्यांची किंमत सरळ सांगावी.

स्वाध्याय

१) आपल्या घरापासून पिण्याचे पाणी, दवाखाना व आठवीपर्यंतची शाळा किती अंतरावर आहे? उन्हाळ्यात व पावसाळ्यात जाण्यास किती वेळ लागतो?
२) आजी लग्न होऊन या गावी आली, तेव्हा येथे काय नव्हते? ते पुढे कसे आले? आजीस विचारून लिहा.
३) आपल्या गावाची एक उणीव निवडा. ती दूर करण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागेल? अर्जाचा मसुदा पाच ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नातील चांगला मसुदा निवडून मुख्याध्यापकांनी तो ग्रामपंचायतीकडे अवश्य पाठवावा.